इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी : अर्थ कुठे तोडायचा आणि उच्चार कुठे

परिचर्येच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या, शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : ‘इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी हा शब्द कितीही घोकला तरी मध्येच अडखळायला होते. वर्गातही प्रत्येक जण तो वेगळा म्हणतो. त्यात सिलॅबल किती, जोर कुठे द्यायचा आणि त्यातल्या प्रत्येक भागाचा अर्थ काय?’

थोडक्यात उत्तर असे की या शब्दात सिलॅबल १२ आहेत, अर्थाचे भाग चार आहेत, ते भाग ‘ओ’ या स्वराने तीन ठिकाणी जोडलेले आहेत आणि मुख्य जोर शेवटून तिसऱ्या सिलॅबलवर, म्हणजे ‘नॉस’वर येतो. मात्र एवढे पाठ केल्याने अडखळणे थांबणार नाही. वैद्यकीय परिभाषा शिकवताना मला वर्षानुवर्षे दिसत आले आहे की विद्यार्थी अर्थासाठी शब्द जिथे तोडतात, तिथेच तो उच्चारासाठीही तोडू पाहतात. या दोन तोडी वेगवेगळ्या जागी पडतात, आणि लांब वैद्यकीय शब्दांत जीभ अडकते ती नेमकी याच कारणाने. म्हणून आधी अर्थाची तोड, मग उच्चाराची, आणि शेवटी दोन्ही एकत्र, या क्रमाने जाऊ. पुढे सिलॅबलला मी ‘उच्चारखंड’ म्हणेन. भाषाशास्त्रात त्यासाठी ‘अक्षर’ हा शब्द वापरतात, पण रोजच्या बोलण्यात अक्षर म्हणजे लिहिलेले चिन्ह, त्यामुळे इथे घोटाळा होईल.

अर्थाचा पहिला भाग ‘इसोफॅग’, म्हणजे अन्ननलिका. तो ग्रीक भाषेतून आला असून त्याच्या पोटात ‘वाहून नेणे’ आणि ‘खाणे’ अशा दोन कल्पना असल्याचे मानले जाते. दुसरा भाग ‘गॅस्ट्र’, म्हणजे जठर, तोही ग्रीकच. तिसरा ‘ड्युओडेन’, म्हणजे लहान आतड्याचा अगदी पहिला भाग. याची कथा सांगण्यासारखी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियातील शरीररचनातज्ज्ञ हिरोफिलस याने आतड्याच्या या भागाला ‘बारा बोटे लांबीचा’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले आणि लॅटिनमध्ये त्याच अर्थाने ‘बारा-बारा’ या संख्यावाचक शब्दावरून ड्युओडेनम हे नाव रूढ झाले. बोटे इथे आडवी, शेजारी शेजारी ठेवून मोजायची. आपल्याकडेही बारा अंगुळांची एक वीत धरतात, आणि आतड्याचा हा भाग साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे वितीपेक्षा किंचित लांब असतो. ही वीत एकदा लक्षात राहिली की ड्युओडेनम विसरत नाही, असा माझा अनुभव आहे. चौथा भाग ‘स्कोपी’, म्हणजे पाहणे, पाहून तपासणे. ‘स्कोप’ म्हणजे पाहण्याचे उपकरण आणि ‘स्कोपी’ म्हणजे त्या उपकरणाने केलेली तपासणी, हा फरकही इथेच नोंदवून ठेवावा.

हा शब्द वाचताना सुरुवात शेवटाकडून करावी. मराठीतल्या तत्पुरुष समासात दुसरे पद प्रधान असते. राजवाडा हा वाडाच असतो, राजा नसतो. वैद्यकीय शब्दांतही शेवटचा भाग ती वस्तू मुळात काय आहे ते सांगतो आणि आधीचे भाग ती कशासंबंधी आहे ते सांगतात. शेवटी ‘स्कोपी’ दिसले की ही तपासणी आहे, आजार नाही आणि शस्त्रक्रियेचे नावही नाही, एवढे तत्काळ ठरते. त्यानंतर पुन्हा सुरुवातीला यावे आणि अवयव क्रमाने घ्यावेत. या शब्दात तो क्रम फार सोयीचा आहे, कारण तोंडातून आत सोडलेली नळी ज्या वाटेने जाते त्याच वाटेने शब्दही जातो : आधी अन्ननलिका, मग जठर, मग लहान आतड्याचा आरंभ. रुग्णाने ‘नळी कुठवर जाणार?’ असे विचारले, तर उत्तर शब्दातच आहे. रुग्णाशी बोलताना हा शब्द उच्चारण्याची मुळीच गरज नाही. ‘अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात यांची दुर्बिणीतून तपासणी’ असे सांगितले की त्याला कळते, आणि हे वाक्य म्हणजे त्या शब्दाचा भागाभागाने केलेला उलगडाच आहे.

आता उच्चाराकडे येऊ. देवनागरीत हा शब्द लिहिला तर त्यात बाराच अक्षरे होतात : इ, सो, फॅ, गो, गॅ, स्ट्रो, ड्यु, ओ, डे, नो, स्को, पी. उच्चारखंडही बाराच आहेत. संख्या जुळते म्हणून आपण निश्चिंत होतो, पण खंडांच्या सीमा जुळत नाहीत. उच्चारखंड असे आहेत : इ – सॉफ – अ – गो – गॅस – ट्रो – ड्यू – ओ – डि – नॉस – क – पी. लिखाणात ‘फ’ पुढच्या ‘ॲ’ला धरून आहे, बोलण्यात तो मागच्या ‘सॉ’ला चिकटतो. लिखाणात ‘स्ट्रो’ हे एक जोडाक्षर आहे, बोलण्यात त्यातला ‘स्’ मागे जाऊन ‘गॅस’ होतो आणि पुढे ‘ट्रो’ उरते. ‘नोस्को’चेही तसेच : ‘नॉस’ आणि ‘क’. यात परके असे काही नाही. ‘पुस्तक’ आपण पु-स्त-क असे लिहितो, पण म्हणतो ‘पुस्-तक’. लिखाणात तीन अक्षरे आणि तोंडात दोनच खंड. वृत्त शिकताना जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू मानायला शिकवतात ते याच कारणाने, की जोडाक्षरातले पहिले व्यंजन बोलताना मागच्या स्वराचा आधार घेते. म्हणजे कान हे आधीपासून जाणतात, फसवतो तो डोळा. लांब शब्दाचे उच्चारखंड पाडताना देवनागरी अक्षरे मोजू नयेत. ऐकावे, आणि किती स्वर उच्चारले जातात ते मोजावे. जितके स्वर ऐकू येतात तितके खंड.

या बारा खंडांवर जोर सारखा नसतो. मराठीत शब्दातल्या एखाद्या ठरावीक ठिकाणी आघात देऊन अर्थ बदलण्याची पद्धत नाही, त्यामुळे आपण इंग्रजी शब्दातले सर्व खंड एकाच वजनाने म्हणतो आणि बारा खंडांचा शब्द मालगाडीसारखा लांबच लांब वाटू लागतो. इंग्रजीत या शब्दाला चार ठोके आहेत : सॉफ, गॅस, ड्यू आणि नॉस. पहिले तीन हलके, चौथा सर्वांत जड. त्या ठोक्यांभोवती खंड गोळा केले की शब्द चार घासांत येतो : ‘इसॉफअगो’, ‘गॅसट्रो’, ‘ड्यूओडि’, ‘नॉसकपी’. असे चार-दोन-तीन-तीन मिळून बारा.

हे चार घास आणि अर्थाचे चार भाग जवळजवळ एकावर एक बसतात, पण पूर्णपणे नाही, आणि जिथे बसत नाहीत ती जागा नीट पाहण्यासारखी आहे. ‘नॉस’ हा खंड घ्या. त्यातला ‘न्’ ड्युओडेनमधला शेवटचा वर्ण आहे. मधला ‘ऑ’ हा जोडणारा स्वर आहे, त्याला स्वतःचा अर्थ नाही. शेवटचा ‘स्’ हा स्कोपीमधला पहिला वर्ण आहे. म्हणजे अख्ख्या शब्दाचा सर्वांत जड ठोका ज्या खंडावर पडतो, तो आतड्याच्या नावाचा शेपटा, तपासणीच्या नावाचे तोंड आणि त्यांच्यामधला अर्थहीन सांधा यांचा मिळून झालेला आहे. अर्थाच्या जागी तोडून ‘ड्युओडेनो’ म्हणत थांबणारा आणि मग ‘स्कोपी’ म्हणणारा विद्यार्थी हा ठोकाच मोडतो, आणि ऐकणाऱ्याला शब्द ओळखू यायला क्षणभर वेळ लागतो. अर्थ समजून घेताना तिथे तोडा. बोलताना मात्र ‘नॉस’ अखंड ठेवा.

हा नियम एकट्या या शब्दापुरता नाही. ज्या शब्दांच्या शेवटी जोडणाऱ्या ‘ओ’नंतर स्कोपी, लॉजी, ग्राफी, टॉमी, स्टॉमी असे भाग येतात, त्या सर्वांत मुख्य आघात शेवटून तिसऱ्या खंडावर, म्हणजे त्या जोड-स्वराच्या खंडावर येतो : गॅस्ट्रॉस्कपी, ब्राँकॉस्कपी, कार्डिऑलजी, मॅमॉग्रफी. रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचे नाव स्फिग्मोमॅनॉमीटर, त्यातही ठोका ‘नॉ’वर, शेवटून तिसरा. ‘आयटिस’, ‘ओसिस’ आणि ‘ओमा’ या शेवटांत मात्र आघात शेवटून दुसऱ्या खंडावर असतो. शेवट बदलला की आघात जागा सोडतो, हेही लक्षात असावे. मेंदूच्या विद्युत्‌ आलेखाच्या तपासणीला इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफी म्हणतात, त्यात जोर ‘लॉग’वर; पण तिच्यातून निघणाऱ्या आलेखाला इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम म्हणताना तो मागे सरकून ‘सेफ’वर जातो. एकदा शिकलेला आघात त्या शब्दाच्या सर्व भावंडांना लावायचा नाही.

जोडणाऱ्या ‘ओ’विषयी थोडे अधिक सांगते, कारण त्याचा नियम कळला की शब्दलेखनातल्या बऱ्याच चुका आपोआप कमी होतात. पुढचा प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल तर ‘ओ’ राहतो : गॅस्ट्र आणि स्कोपी मिळून गॅस्ट्रोस्कोपी. प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर ‘ओ’ गळतो : गॅस्ट्र आणि आयटिस मिळून गॅस्ट्रायटिस, गॅस्ट्र आणि एक्टमी मिळून गॅस्ट्रेक्टमी. मात्र दोन अवयवांची नावे एकमेकांना जोडायची असतील, तर दुसरे नाव स्वराने सुरू होत असले तरी ‘ओ’ सहसा टिकतो : गॅस्ट्रोएंटरायटिस. आपल्याला संधी करण्याची सवय असल्यामुळे इथे ‘ओ’ आणि ‘ए’ जिभेवर एकमेकांत मिसळतात आणि ‘गॅस्ट्रेंटरायटिस’ असे काहीतरी ऐकू येते. इथे संधी करायचा नाही. दोन्ही स्वर वेगळे ऐकू आले पाहिजेत.

‘ओ’ गळण्याचा आणखी एक परिणाम उच्चारावर होतो. इसोफॅगसमध्ये आपण ‘ग’ म्हणतो. त्याला आयटिस लागून अन्ननलिकेच्या दाहाचे नाव तयार होते तेव्हा ‘ओ’ जातो, इंग्रजी ‘जी’ हे अक्षर थेट ‘आय’समोर येते आणि त्याचा उच्चार ‘ज’ होतो : इसोफॅजायटिस. स्वरयंत्राचेही असेच : लॅरिंगॉलजीत ‘ग’, लॅरिंजायटिसमध्ये ‘ज’. इंग्रजीत ‘जी’च्या पुढे ‘ई’, ‘आय’ किंवा ‘वाय’ आले की ग्रीक-लॅटिन शब्दांत तो ‘ज’कडे झुकतो, आणि ‘सी’ त्याच जागी ‘स’ होतो. म्हणून छातीची शस्त्रक्रिया थोरॅकॉटमी, पण छातीसंबंधीचे विशेषण थोरॅसिक.

‘फॅग’ हाच खाण्याचा धातू डिस्फेजिया या शब्दातही आहे. डिस्फेजिया म्हणजे गिळण्यास त्रास. त्याच्या अगदी शेजारी डिस्फेझिया हा शब्द आहे, त्याचा अर्थ मेंदूच्या इजेमुळे भाषा वापरण्यात आलेला अडथळा. फरक एका व्यंजनाचा. पहिल्यात ‘जीव’मधला तालव्य ‘ज’ आहे; दुसऱ्यात तो नाही, तिथे इंग्रजी ‘व्हिजन’मधला मऊ घर्षणयुक्त ध्वनी आहे, आणि तो मराठीत नसल्यामुळे आपल्या तोंडून पुष्कळदा ‘ज’च निघतो. पक्षाघाताच्या रुग्णात हे दोन्ही त्रास उद्भवू शकतात, त्यामुळे संदर्भावरून ओळखू येईल यावर विसंबता येत नाही. गिळण्यास त्रास असलेल्या रुग्णाला तोंडाने अन्न-पाणी देणे घातक ठरू शकते. म्हणून पाळी बदलताना तोंडी माहिती देताना हे दोन शब्द नुसते उच्चारून थांबू नये. ‘डिस्फेजिया, गिळण्याचा त्रास’ असे अर्थासह सांगावे. उच्चाराचा एवढा आग्रह मी धरते तो अशा ठिकाणांसाठी. बाकी उच्चार मराठी वळणाचा आहे म्हणून कोणी संकोचू नये. ‘स्कोपी’मधला ‘ओ’ आपण स्पष्ट म्हणतो, इंग्रजीत तो पुसट ‘स्कपी’ होतो, दोन्ही समजतात. ड्युओडेनमचे तर इंग्रजीतही दोन मान्य उच्चार आहेत, एक ‘ड्यूओडीनम’ आणि दुसरा ‘ड्यूऑडिनम’.

वर्गात प्रत्येक जण हा शब्द वेगळा म्हणतो, असे जे लिहिले आहे, त्यात दोन प्रकार असणार. एक वर सांगितलेला, निरुपद्रवी. दुसरा म्हणजे शब्दाचा तुकडा गिळणे, आणि तो मात्र सुधारायला हवा. या शब्दात दोन जागा धोक्याच्या आहेत. ‘गो’ आणि ‘गॅ’ लागोपाठ आल्यामुळे एक ‘ग’ नकळत सुटतो आणि ‘इसोफॅगॅस्ट्रो’ असे म्हटले जाते. सारखे ध्वनी शेजारी आले की त्यातला एक गळणे ही भाषांत नेहमी घडणारी गोष्ट आहे, तिला समाक्षरलोप म्हणतात. पण इथे जो गळतो तो सांधा आहे, आणि तो गेला की लिहितानाही जातो. दुसरी जागा ‘ड्यू-ओ’. यातला ‘ओ’ जोडणारा नाही, तो बारा या संख्येच्या नावातला आहे. ‘ड्युडेनो’ म्हटले की तो हरवतो.

सरावासाठी हा शब्द शेवटाकडून बांधावा, कारण सुरुवातीकडून बांधला तर प्रत्येक वेळी ओळखीच्या भागातून अनोळखी भागात जावे लागते आणि शेवटी धाप लागते. शेवटाकडून बांधला तर प्रत्येक फेरीत नवे आधी येते आणि पाठ झालेले नंतर. आधी फक्त ‘नॉसकपी’ म्हणा, ठोका ‘नॉस’वर. तो पक्का झाला की ‘डि-नॉसकपी’, मग ‘ओ-डि-नॉसकपी’, मग ‘ड्यूओडि-नॉसकपी’. इथपर्यंत एका श्वासात आले की ‘गॅसट्रो’ पुढे लावा. ‘गॅसट्रो-ड्यूओडि-नॉसकपी’ सहज येऊ लागल्यावरच ‘इसॉफअगो’ जोडा, आणि जोडताना ‘गो’नंतर अगदी किंचित थांबा, म्हणजे दोन ‘ग’ एकमेकांत जाणार नाहीत. हळू म्हणताना ठोका हलत नाही ना, याकडे लक्ष असू द्यावे. वेग नंतर आपसूक येतो.

लेखनाबाबत एक गोष्ट. ब्रिटिश पद्धतीत इसोफॅगसच्या स्पेलिंगची सुरुवात ‘ओ-ई’ अशी होते, अमेरिकन पद्धतीत ‘ई’ने. त्यामुळे याच तपासणीचे संक्षिप्त नाव एका ठिकाणी ओजीडी आणि दुसऱ्या ठिकाणी ईजीडी असे भेटते, आणि पूर्ण शब्दात एकीकडे २७ तर दुसरीकडे २६ इंग्रजी अक्षरे भरतात. त्या पहिल्या ‘ओ’चा उच्चार होत नाही. असाच अनुच्चारित ‘पी’ न्युमोनियाच्या सुरुवातीला असतो. श्वासासंबंधीच्या काही शब्दांत हेच ‘पी-एन’ अक्षरांचे जोडपे भेटते, आणि ते शब्दाच्या मध्ये आले की ‘पी’ बोलू लागतो : श्वास थांबण्याला ॲप्निया म्हणतात, त्यात ‘प’ स्पष्ट आहे. शब्दाच्या तोंडाशी आलेले ‘पी-एन’ इंग्रजी जिभेला पेलत नाही, मध्ये आले की ‘पी’ला मागच्या स्वराचा आधार मिळतो. तोच आधार, जो ‘पुस्तक’मधल्या ‘स्’ला मिळतो.

सर्वांत लांब वैद्यकीय शब्द म्हणून ४५ इंग्रजी अक्षरांचा एक शब्द विद्यार्थी हौसेने पाठ करतात, न्युमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. तो १९३५ मध्ये कोड्यांच्या एका हौशी संघटनेच्या अध्यक्षाने लांबीसाठीच घडवला होता. रुग्णालयात तो कोणी वापरत नाही, सिलिकोसिस म्हणतात. त्यातले ‘कोनि’ म्हणजे धूळ आणि ‘ओसिस’ म्हणजे विकारावस्था एवढे घ्यावे, कारण धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारांचे न्युमोकोनिओसिस हे नाव खरोखर वापरात आहे.

शब्दांची वही ठेवत असाल तर प्रत्येक शब्द तीनदा लिहावा : इंग्रजी स्पेलिंगमध्ये अर्थाच्या जागी रेघा पाडून, देवनागरीत उच्चाराच्या जागी रेघा पाडून आणि आघाताचा खंड अधोरेखित करून, आणि तिसऱ्यांदा मराठी अर्थ. नुसत्या देवनागरीत लिहिलेली वही पुरत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला इलिअम म्हणतात आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या पसरट भागालाही इलिअमच म्हणतात. उच्चार एक, देवनागरी लेखनही एक. इंग्रजीत मात्र ‘एल’नंतरचे तिसरे अक्षर आतड्याच्या शब्दात ‘ई’ असते आणि हाडाच्या शब्दात ‘आय’. त्यांच्यापासून झालेल्या इलिओस्टॉमीसारख्या शब्दात आतडेच अभिप्रेत आहे हे ‘स्टॉमी’वरून, म्हणजे शरीराबाहेर उघडणारे तोंड तयार करणे या अर्थावरून कळते, पण स्टॉमी, टॉमी आणि एक्टमी हे शेवट आधी वेगळे ओळखता आले पाहिजेत. गॅस्ट्रॉटमी म्हणजे जठराला छेद देणे, गॅस्ट्रॉस्टमी म्हणजे जठराला बाहेरून तोंड करणे, बहुधा नळीने अन्न देण्यासाठी, आणि गॅस्ट्रेक्टमी म्हणजे जठर किंवा त्याचा भाग काढून टाकणे. पहिल्या दोन शब्दांत उच्चाराचा फरक एका ‘स्’चा आहे. तो ‘स्’ ऐकू येईल असा म्हणावा, आणि ऐकताना शंका आली तर समोरच्याला पुन्हा म्हणायला सांगावे.